डोंगरातल्या घरासाठी वणव्याच्या तयारीची यादी

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरात, बोल्डर क्रीक, बेन लोमंड, फेल्टन या गावांत किंवा लॉस गॅटोसच्या वरच्या वळणांवर जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्यासाठी ही यादी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजांमुळे पेटलेल्या सीझेडयू वणव्याने याच भागातले ८६,००० एकरांहून अधिक रान जाळले, सुमारे दीड हजार इमारती नष्ट केल्या आणि हजारो माणसांना घर सोडायला लावले. ज्यांनी त्यानंतर इथे घर घेतले आहे त्यांना झाडी हिरवी दिसते, म्हणून तयारी लांबणीवर पडते. ती उन्हाळा सुरू होण्याआधी पूर्ण झालेली असली पाहिजे.

पासपोर्ट, ओसीआय कार्डे, घराचे आणि विम्याचे कागद, भारतातल्या जागेची कागदपत्रे, हार्ड डिस्क आणि थोडी रोकड हे सर्व एका पिशवीत घालून ती ठरलेल्या जागी ठेवावी. कागदांच्या प्रती दूरच्या नातेवाइकांकडेही असाव्यात. याहून अधिक सांगण्याची गरज नाही, कारण ही पिशवी सगळेच भरतात.

जे बहुतेक जण करत नाहीत, आणि आमच्याही तयारीत जे राहून गेले होते, ते आता सांगतो. वीज नसताना गॅरेजचे दार हातांनी उघडता आले पाहिजे. वणव्याच्या वेळी वीज जाते हे गृहीतच धरायचे: तारा जळतात, खांब पडतात, किंवा वारा सुटणार असे दिसले की वीज कंपनी आधीच पुरवठा बंद करते. गाडी गॅरेजमध्ये, दार विजेवर चालणारे आणि वीज गेलेली, असे झाले की भरलेली पिशवी आणि टाकीतले पेट्रोल दोन्ही निरुपयोगी ठरतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये टब्ज वणवा रात्रीतून सँटा रोझा शहरात शिरला, तेव्हा गॅरेजची दारे न उघडल्यामुळे माणसे अडकली आणि त्यांतली काही दगावली. त्यानंतर राज्याने कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून घरांसाठी विकल्या जाणाऱ्या दार उघडण्याच्या यंत्रांना राखीव बॅटरी सक्तीची झाली. परंतु त्याआधी बसवलेले यंत्र तुमच्या घरात आजही असू शकते, आणि नव्या यंत्रातली बॅटरीसुद्धा काही वर्षांत मरते. म्हणून यंत्राच्या भरवशावर राहू नये.

दार हातांनी उघडण्याची रीत अशी आहे. छताला जोडलेल्या रुळावरून एक दोरी लोंबत असते आणि तिच्या टोकाला लाल मूठ असते. दार पूर्ण बंद असताना ती मूठ खाली ओढायची. खट्ट असा आवाज येतो आणि दार यंत्रापासून सुटे होते. मग दाराच्या मध्यभागी उभे राहून दोन्ही हातांनी ते सरळ वर उचलायचे आणि वर टेकले आहे याची खात्री करूनच गाडी बाहेर काढायची. दार उघडे असताना दोरी ओढू नये, कारण स्प्रिंग कमजोर झालेली असेल तर सगळे दार अंगावर येते. स्प्रिंग चांगली असेल तर अर्ध्यावर सोडलेले दार तिथेच थांबते आणि उचलायला फारसे जड लागत नाही. ते धाडकन खाली येत असेल किंवा एकट्याला हलतच नसेल, तर कारागीर बोलावून स्प्रिंग आधी दुरुस्त करून घ्यावी. स्प्रिंगला स्वतः हात लावू नये, तिच्यात फार ताण साठलेला असतो.

हे वाचून भागत नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दोरी एकदा प्रत्यक्ष ओढून आणि दार एकदा प्रत्यक्ष उचलून पाहावे, आणि तेही रात्री, दिवे मालवून, फक्त विजेरीच्या उजेडात. ज्यांची उंची कमी आहे त्यांचा हात मुठीपर्यंत पोहोचतो का, हे तेव्हाच कळते. पोहोचत नसेल तर एक भक्कम स्टूल त्याच जागी कायमचे ठेवावे. अंगणाच्या तोंडाशी विजेवर सरकणारे फाटक असेल तर त्यालाही हेच लागू आहे. ते सोडवण्याची किल्ली कुठे आहे हे बहुतेक घरांत एकाच माणसाला ठाऊक असते आणि तो माणूस नेमका कामावर असतो.

याहून सोपा उपाय असा की, हवामान खात्याने ‘रेड फ्लॅग’ इशारा, म्हणजे वारा आणि कोरडी हवा यांमुळे आग भडकण्याचा इशारा, दिला की त्या रात्री गाडी गॅरेजमध्ये ठेवूच नये. तोंड रस्त्याकडे करून ती बाहेर लावावी, टाकी अर्ध्याच्या वर भरलेली असावी आणि गाडी विजेची असेल तर वीजपुरवठा बंद होण्याआधी चार्ज करून घ्यावी. तरीही दोरीचा सराव चुकवू नये, कारण प्रत्येक आग इशारा देऊन लागत नाही.

आता खबर कशी मिळणार याचा विचार. घरे रिकामी करण्यासाठी काउंटीने भागांचे झोन पाडलेले असतात. आपले घर कोणत्या झोनमध्ये येते ते काउंटीच्या नकाशावर पाहून झोनचा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवावा, कारण सूचना गावाच्या नावाने न येता झोनच्या नावाने येतात. काउंटीच्या सूचनायंत्रणेत प्रत्येकाचा फोन स्वतंत्रपणे नोंदवावा. मात्र डोंगरात टॉवर लागत नसल्यामुळे अनेक घरांतले मोबाईल वायफायवरच चालतात. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर फोनही मुका होतो. म्हणून सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा, जुनी तांब्याच्या तारेची लँडलाईन असेल तर ती काढून टाकू नये, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांचे दार ठोठावायचे हे आधी ठरलेले असावे. निरोपांसाठी दूरचा एक माणूस नेमून सर्वांनी त्यालाच कळवावे. तो पुण्यात असला तरी चालेल. उलट बरेच, कारण इथे मध्यरात्र असते तेव्हा तिथे दुपार असते आणि फोन उचलला जातो.

घर सोडण्याच्या सूचनांमधल्या ‘वॉर्निंग’ आणि ‘ऑर्डर’ यांतला फरक नीट लक्षात घ्यावा. ‘ऑर्डर’ म्हणजे जिवाला तत्काळ धोका आहे, आता निघाच, आणि त्यानंतर त्या भागात परत शिरता येत नाही. ‘वॉर्निंग’ म्हणजे धोका येऊ शकतो, आणि ज्यांना वेळ लागणार आहे त्यांनी तेव्हाच निघावे. ज्या घरात आई-बाबा भारतातून येऊन राहिले आहेत, तान्हे बाळ आहे किंवा जनावरे आहेत, त्या घराने ‘ऑर्डर’ची वाट पाहू नये.

आई-बाबांविषयी थोडे अधिक. मुलगा आणि सून दिवसभर खाली खोऱ्यात ऑफिसात, आणि गाडी न चालवणारे आई-बाबा वर घरात, ही आपल्या घरांतली नेहमीची परिस्थिती आहे. ‘काही झाले तर मी येऊन घेऊन जाईन’ या आश्वासनावर योजना उभारू नका. वर जाणारे रस्ते बंद केले जातात आणि तुम्हाला नाक्यावर अडवले जाते. त्यांना कोणत्या शेजाऱ्याने गाडीत घ्यायचे हे त्या शेजाऱ्याशी बोलून ठरवा, आई-बाबांची त्याच्याशी ओळख करून द्या, आणि त्याचे नाव व घर मराठीत लिहून भिंतीवर लावा. शेजाऱ्याकडेही गॅरेजची दोरी ओढून पाहिली आहे का, हे संकोच न करता विचारा. आई-बाबांच्या औषधांच्या यादीत ब्रँडच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहावी, कारण भारतातले ब्रँड इथे ओळखू येत नाहीत. पॅरासिटामॉलसुद्धा इथे असिटॅमिनोफेन या नावाने मिळते. चष्मा, दातांची कवळी, काठी, श्रवणयंत्राचे सेल यांची वेगळी पिशवी त्यांच्या पलंगाजवळ असावी.

बाहेर पडण्याचे किमान दोन रस्ते दिवसा आणि रात्री गाडीने जाऊन पाहावेत. हायवे ९ वरून खाली उतरता येते तसे बोल्डर क्रीकहून बेअर क्रीक रोडने हायवे १७ कडेही जाता येते. कोणता रस्ता उघडा राहील हे आगीची दिशा ठरवते. फोनवरचा नकाशा गर्दी टाळण्यासाठी कच्च्या वाटेवर नेऊ शकतो, म्हणून कागदी नकाशा गाडीत ठेवावा. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅम्प वणवा आला तेव्हा उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावातून सगळे एकाच सकाळी निघाले आणि रस्ते तुंबून गाड्या तासन् तास अडकल्या. त्या वणव्यात ८५ माणसे गेली आणि त्यांतली बहुसंख्य पासष्टीच्या पुढची होती. लवकर निघणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि लवकर निघायचे म्हणजे गाडी गॅरेजमधून बाहेर निघाली पाहिजे. हे पुन्हा सांगतो आहे, कारण आज रात्री दार उघडून पाहायला फार तर दहा मिनिटे लागतील.

अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट असावेत. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात, म्हणून आईची सिंथेटिक साडी त्या दिवशी नको. तोंडाला एन-९५ मास्क असावा. मांजर आधीच पिंजऱ्यात घालावे, ऐनवेळी ते सापडत नाही.

घराभोवतीचे पहिले पाच फूट वाळकी पाने, लाकडे, काथ्याची पायपुसणी यांपासून मोकळे ठेवावेत, कारण घरे बहुधा लांबून उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. पन्हाळी साफ ठेवाव्यात. प्रत्येक खोलीचा, कपाटे उघडून, विम्यासाठी व्हिडिओ काढावा.

निघताना देवघरातला दिवा शांत करावा, गॅस बंद करावा, खिडक्या-दारे लावावीत, पडदे काढावेत आणि वीज असेल तर दिवे लावून ठेवावेत, धुरात घर दिसते. पाण्याचे फवारे चालू ठेवून जाऊ नये, त्याने अग्निशमन दलाला मिळणारा दाब कमी होतो. विहिरीवरचा पंप वीज गेल्यावर चालत नाही, तेव्हा नळीने घर वाचवण्याचा विचार सोडून द्यावा.

परत यायचे ते अधिकृत परवानगी मिळाल्यावरच. राख विषारी असते, हातमोजे आणि मास्क घालावेत, मुलांना आणू नये. फ्रिजमधले सगळे टाकून द्यावे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि हॉटेलच्या पावत्या जपाव्यात. जळालेल्या उतारावर पहिल्या जोरदार पावसात चिखल आणि दगड वाहून येतात, त्यामुळे हिवाळा संपेपर्यंत पिशवी उपसू नये.