वाईत एक मुक्काम: कसा आखावा

महाबळेश्वरला जाणाऱ्या बहुतेक गाड्या वाईत अर्धा तास थांबतात. ढोल्या गणपतीला नमस्कार, एक चहा, की निघाले पसरणी घाटाकडे. वाई अशी दिसत नाही. कृष्णाकाठचे पायऱ्यांचे घाट पहाटे जागे होतात, जवळचं मेणवली गाव उन्हं चढायच्या आत बघावं लागतं आणि धोम गाव दुपार कलल्यावर. म्हणजे निदान एक रात्र हवीच.

पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर आहे. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाईवरूनच जाते. स्वतःच्या गाडीने निघालात तर खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळा, तिथून गाव दहाएक किलोमीटर राहतं. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पाचवड फाट्यावर वळावं. वार निवडताना शनिवार-रविवार टाळा. शनिवारी सकाळी वर जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी खाली उतरणाऱ्या गाड्यांनी गावातले रस्ते तुंबतात, पायी चालणंही नकोसं होतं. मंगळवार-बुधवार उत्तम.

खोली घेताना आधी नकाशात नदी बघा. हायवेकडच्या किंवा घाटाच्या वाटेवरच्या रिसॉर्टपेक्षा बाजारपेठेतला साधा लॉज सोयीचा, कारण पहाटे साडेपाचला खोलीतून निघून पायी नदीवर पोचता येणं हीच इथली खरी सोय. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते. त्या दिवसांत खोल्या आणि एसटी दोन्ही मिळायची मारामार होते.

सकाळची सुरुवात घाटांपासून करा. कृष्णेच्या काठाने गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा सात आळ्या आणि त्यांचे घाट आहेत. सगळे बघायचा हट्ट नको. गणपती घाटापासून एका दिशेने चालत जा, पूल ओलांडून पलीकडच्या काठाने परत या. दीड तास धरा. पायात रबरी तळव्याची चप्पल हवी. चामड्याच्या चपलेने ओल्या पायऱ्यांवर पाय सटकतो, आणि पाण्यालगतच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ बाराही महिने असतं.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, प्रचंड, आणि तीच बघून लोक परततात. पण देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जाच. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा या टोकावर दुभागतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पात्राला लागून असलेलं देऊळ इतके पूर सोसून उभं आहे ते या बांधणीमुळे. तिथे पाच मिनिटं थांबा, चिरे कसे बसवलेत ते हात लावून बघा. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच, १७५७ सालचं. तिथला काळा नंदी इतका घोटलेला आहे की सकाळच्या तिरप्या उजेडात आरशासारखा चमकतो.

जुलै ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर आधी फोन करून पाण्याची चौकशी करा. धोम धरणातून विसर्ग वाढवला की घाट बुडतात, गणपतीच्या देवळातही पाणी शिरतं. अशा वेळी पायऱ्या उतरू नका. वरून ऊन असलं तरी पाणी धरणातून येत असतं, आभाळ बघून त्याचा अंदाज येत नाही.

नाश्ता करून नऊच्या सुमाराला मेणवलीला निघा. अंतर तीनेक किलोमीटर, रिक्षा किंवा वडाप (माणसं भरून निघणारी खासगी गाडी) मिळते. रिक्षा ठरवताना जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्याचे मिळून पैसे आधीच बोलून घ्या, नाहीतर परतीला भर उन्हात चालावं लागतं. नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा आहे. तो खासगी मालकीचा आहे, त्यामुळे कुठला भाग उघडा आहे ते दारावरच विचारा, सुटे पैसे जवळ ठेवा आणि भिंतींवरच्या चित्रांना बोट लावू नका. रंगाचे पापुद्रे सुटलेत, एका स्पर्शाने पडतात.

वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि एका छोट्या घुमटीत टांगलेली मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. नीट बघा, तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. दुरून ती नुसती डाग पडल्यासारखी वाटते, बाजूने उजेड पडला की उमटते. या घाटावर सिनेमांची शूटिंग चालतात. तशा दिवशी घाट बंद मिळू शकतो, म्हणून रिक्षावाल्याला निघण्यापूर्वीच विचारावं.

दुपारी खानावळीत जेवा, पडा. हाताशी वेळ असला तर गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी एवढा मोठा प्रकल्प मुंबई-पुण्याऐवजी या गावात बसून चालवला, हे मराठी वाचकाने मनात ठेवावं असं आहे. कार्यालय सरकारी आहे, सुट्टीच्या दिवशी बंद.

चार वाजता धोम. वाईपासून आठेक किलोमीटर. धरणाची भिंत दुरून बघितली तरी चालेल, खरी बघायची ती गावातली देवळं. महादेवासमोर कमळाच्या आकाराचा दगडी हौद, मधोमध कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. हौदात पाणी असेल तर कासव पोहत असल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात हौद कोरडा मिळण्याची शक्यता धरूनच जा.

उत्सवात यायचं असेल तर थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. अफझलखानावर शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णेला केलेल्या नवसातून तो सुरू झाला अशी परंपरा सांगतात. रंगपंचमीला शेजारच्या बावधन गावचं बगाड, म्हणजे नवसकऱ्याला उंच लाकडाला टांगून गाड्यावरून नेण्याची यात्रा, असतं. त्या दिवशी गर्दी अफाट, रस्ते बंद, त्यामुळे घाट-वाडे बघायचा बेत त्या दिवसावर ठेवूच नका.

वाईची हळद नावाजलेली आहे. पूड घेण्यापेक्षा अख्खी हळकुंडं घ्या. एक मोडून बघा, आतून गर्द केशरी निघालं तर माल चांगला. परतीला महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा भरलेल्याच असतात. स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर वाई आगारातून सुटणारी पुण्याची गाडी कोणती ते विचारून तीच धरा, बसायला जागा मिळते.