फ्रीजचा सेन्सर दोषी ठरवण्यापूर्वी या चुका टाळा

फ्रीज पुरेसा थंड होत नसला किंवा उलट खालच्या कप्प्यातल्या भाज्यासुद्धा गोठवू लागला, की हल्ली पहिला संशय तापमानाच्या सेन्सरवर घेतला जातो. तो दोनच तारांचा असतो, स्वस्त असतो आणि बदलायला सोपा असतो, एवढेच त्याचे गुन्हे. दुरुस्ती करताना काढलेले जुने सेन्सर मी फेकून देत नाही. सवडीने तपासतो, चिठ्ठी लावतो आणि एका डब्यात ठेवतो. त्या डब्यातले निम्म्याहून अधिक सेन्सर पूर्णपणे ठणठणीत आहेत आणि त्यातले काही, हे मान्य केलेच पाहिजे, मी स्वतःच उतावीळपणे काढलेले आहेत.

मुळात हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, अर्थात तापमानाप्रमाणे विजेला कमी-जास्त अडथळा (रोध) करणारा घटक असतो आणि घरगुती फ्रीजमध्ये तो बहुतेक वेळा असा असतो की तापमान उतरले की त्याचा रोध वाढतो. २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम दाखवणारा थर्मिस्टर शून्य अंशाला साधारण ३२ ते ३४ किलोओहम दाखवतो आणि फ्रीझरच्या उणे १८ अंशांना ८० किलोओहमच्याही पुढे जातो. २५ अंशांना ५ किंवा २.७ किलोओहम दाखवणारे प्रकारही सर्रास वापरले जातात. हे आकडे डोक्यात नसताना मीटर हातात घेणे ही बहुतेक चुकांची जननी आहे.

माझी सर्वांत महागडी चूक याच जातीची होती. काम नवीन होते. एका फ्रीजचा वरचा कप्पा गोठत होता आणि खालचा कोमट राहत होता. मी फ्रीझरमधला सेन्सर जागेवरच, गारच असताना, मल्टिमीटरच्या २० किलोओहमच्या रेंजवर मोजला. पडद्याच्या डाव्या कडेला एकटा ‘१’ उभा राहिला आणि ‘सेन्सर तुटला’ असा निकाल मी तिथल्या तिथे देऊन टाकला. पिशवीतला नवा सेन्सर मोजला, त्याने जवळपास १० दाखवले, म्हणून तो बसवला. दोन दिवसांनी तक्रार जशीच्या तशी परत आली. पुन्हा मोजले, तर नव्या सेन्सरवरही तोच ‘१’. मग मी तिसरा सेन्सर बसवला आणि तोही ‘गेला’ तेव्हा सगळा दोष कंट्रोल बोर्डावर, म्हणजे सेन्सरच्या आकड्यावरून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या सर्किटवर, ढकलून बोर्डही बदलला. पडद्यावरचा तो ‘१’ म्हणजे फक्त ‘मोजमाप या रेंजच्या बाहेर आहे’ एवढीच सूचना होती. पिशवीतला सेन्सर खोलीच्या तापमानाला होता म्हणून रेंजमध्ये बसत होता आणि फ्रीझरमधला सेन्सर गार होता म्हणून बसत नव्हता. तिन्ही सेन्सर निर्दोष होते. खरा बिघाड डिफ्रॉस्ट हीटरच्या (कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या हीटरच्या) थर्मल फ्यूजमध्ये, म्हणजे जास्त तापल्यावर तुटणाऱ्या फ्यूजमध्ये, होता. मागचे पॅनेल उघडले तेव्हा कूलिंग कॉइल बर्फाच्या भिंतीत गाडली गेलेली दिसली आणि पंख्याची हवा खाली जायला वाटच उरलेली नव्हती. बोर्डाचा खर्च अर्थातच मला सोसावा लागला. तेव्हापासून मी मोजायला २०० किलोओहमच्या रेंजवरून सुरुवात करतो आणि वर गार, खाली कोमट अशी लक्षणे दिसली की सेन्सरकडे बघण्याआधी पॅनेल उघडून बर्फ बघतो.

बर्फ बघायचा म्हणजे तो सुरीने खरवडायचा नव्हे. कॉइलच्या नळीला एक छिद्र पडले की सेन्सरचा प्रश्न कायमचा मिटतो, कारण मग गॅसच उरत नाही. आणि कॉम्प्रेसरच्या पट्टीवर आर-६००ए लिहिले असेल तर बाहेर पडणारा तो गॅस ज्वालाग्राही असतो. दार उघडे ठेवून बर्फ वितळू द्यावा, एवढाच संयम लागतो.

बोर्डाला जोडलेला सेन्सर मोजू नये. बोर्डावरचे रोधकही त्याच्या जोडीला मोजले जातात आणि आकडा खोटा येतो. आधी प्लग काढावा, मग सेन्सरचा कनेक्टर सोडवावा आणि नंतरच मीटर लावावे. इन्व्हर्टर बोर्डावरचे (कॉम्प्रेसरचा वेग बदलणाऱ्या बोर्डावरचे) वीज साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही मिनिटे भारित राहतात, तेव्हा तिथे लगेच बोटे घालू नयेत.

खोलीच्या तापमानाला एकदा मोजून ‘बरोबर आहे’ म्हणणे, ही चूक नवशिक्यांइतकीच मुरलेली मंडळीही करतात. पूर्ण तुटलेला सेन्सर सापडणे सोपे असते, कारण बहुतेक फ्रीज त्याबद्दल एरर कोड तरी दाखवतात. त्रास देतो तो थोडासा सरकलेला सेन्सर. तो कोड दाखवत नाही, फक्त बोर्डाशी खोटे बोलतो. त्यासाठी माझी पद्धत जुनीच आहे. एक पेला ठेचलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा, फटी भरतील एवढेच पाणी घालावे आणि ढवळत राहावे. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्य अंशाला नसतो, तो त्याहून बराच थंड असतो. म्हणून वरची पांढरी भुकटी जाऊन खडे ओले आणि काचेसारखे पारदर्शक दिसेपर्यंत थांबावे लागते. मग सेन्सरचे टोक पेल्याच्या मध्यभागी, भिंतीला न टेकवता, पाच मिनिटे ठेवावे आणि आकडा त्या सेन्सरच्या तापमान-रोध तक्त्याशी ताडून पाहावा. तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि काही मॉडेलमध्ये फ्रीजच्या आतच चिकटवलेल्या किंवा खोचलेल्या कागदावर मिळतो. शून्याच्या आसपास १० किलोओहमच्या सेन्सरचा रोध दर अंशाला साधारण दीड किलोओहमने बदलतो, त्यामुळे शे-दोनशे ओहमच्या फरकावरून रडण्यात अर्थ नाही. मात्र पेल्यात ठेवल्या ठेवल्या आकडा बरोबर दिसून नंतर तो हळूहळू घसरतच राहिला, तर टोकाला चीर आहे आणि आत पाणी शिरते आहे असे समजावे. असा ओलावलेला सेन्सर रोध कमी दाखवतो, बोर्डाला फ्रीज गरम वाटतो, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि भाज्यांचे दगड होतात.

टोक बोटांत धरून आकडा उतरतो का ते मीही बघतो, पण त्यातून सेन्सर जिवंत आहे एवढेच कळते. तो खरा बोलतो की नाही, हे कळत नाही. उतरताना आकडा मध्येच उड्या मारत असेल तर मात्र सेन्सर किंवा त्याची तार नक्की खराब आहे.

‘दोनच तारा आहेत, कोणताही चालेल’ या समजुतीचा मला मनापासून कंटाळा आला आहे. ५ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा सेन्सर लावला की बोर्डाला फ्रीज आहे त्यापेक्षा तेरा-चौदा अंशांनी अधिक थंड वाटतो, कॉम्प्रेसर अकाली बंद होतो आणि दूध नासते. उलट अदलाबदल केली तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. सेन्सरच्या जागी ठरावीक ओहमचा रोधक चिकटवून ‘तात्पुरते’ काम भागवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की फ्रीजने स्वतःचे तापमान जाणणे त्यामुळे बंदच होते. मग तो एक तर अखंड चालतो किंवा सुरूच होत नाही.

सांधा हा दुसरा दुर्लक्षित विषय. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा कोरड्या खोलीत वर्षानुवर्षे टिकेल, पण फ्रीझरच्या पॅनेलमागे प्रत्येक डिफ्रॉस्टच्या वेळी त्याच्यावर पाणी ठिबकते. काही महिन्यांत तांबे हिरवे पडते, सांध्यातच काही किलोओहमची भर पडते आणि बोर्डाला फ्रीज खरोखर आहे त्याहून थंड भासतो. मी तारा सोल्डर करतो, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवतो आणि पाणी साचणार नाही अशा उंचीवर सांधा बांधतो. या कामाला दहा मिनिटे अधिक लागतात आणि ती वाचवणारे लोक दुसऱ्या वर्षी पुन्हा भेटतात.

डिफ्रॉस्टचा सेन्सर नळीवरच्या क्लिपमधून सुटून लोंबकळत ठेवू नये. तो कॉइलऐवजी हीटरने तापलेली हवा मोजतो आणि बर्फ अर्धवट वितळलेला असतानाच डिफ्रॉस्ट संपवतो. आतल्या सेन्सरच्या जाळीला भांडी टेकवू नयेत. दाराचे रबर आधी तपासावे. आणि तापमानाच्या खुंटीमागे केशनलिकेचा (गॅस भरलेल्या बारीक नळीचा) यांत्रिक थर्मोस्टॅट असलेल्या जुन्या फ्रीजमध्ये थर्मिस्टर शोधत बसू नये, तिथे तो नसतोच.

शेवटची तक्रार अधीरांबद्दल. सेन्सर बदलून अर्ध्या तासात दार उघडून हात घालणारे आणि ‘अजून गार झाला नाही’ म्हणत प्लग काढघाल करणारे लोक कॉम्प्रेसरला विनाकारण छळतात. बंद झालेल्या कॉम्प्रेसरमधला दाब समतोल व्हायला काही मिनिटे द्यावीच लागतात. मी मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवतो, कारण हवेचे तापमान दार उघडताच बदलते आणि पाण्याचे तसे बदलत नाही. दार बंद करून पूर्ण २४ तास जाऊ देतो. पेल्यातले पाणी ३ ते ५ अंशांच्या दरम्यान स्थिरावलेले दिसले, की मग जुन्या सेन्सरला चिठ्ठी लावून तो डब्यात टाकतो.