ओटा नव्याने बांधताना

स्वयंपाकघराचा ओटा एकदा बसवला की सहसा वर्षानुवर्षे बदलला जात नाही, म्हणून त्याची उंची गवंड्याच्या नेहमीच्या मापावर न सोडता, रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून ठरवावी. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून ४ ते ६ इंच वजा करावेत. माप नव्या फरशीच्या पातळीपासूनच घ्यावे, जुन्या नव्हे. कणीक मळताना अंगाचा भार द्यावा लागतो आणि शेगडीमुळे भांडे आणखी वर जाते, त्यामुळे शंका असल्यास ओटा किंचित खालीच ठेवणे मला योग्य वाटते.

दगड ग्रॅनाइटचाच घ्यावा. लिंबू आणि चिंचेच्या आम्लाने संगमरवराची चकाकी जाते.

सर्वांत जास्त काळजी सिलिंडरच्या कप्प्याची घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून दाराला अगदी तळाशी जाळी हवीच, मग ती दिसायला कशीही असो. रबरी नळी आयएसआय चिन्हाची घ्यावी आणि ती सहज तपासता येईल अशी, भिंतीत न गाडता, उघडी ठेवावी.