वादळात घराचे पत्रे उडाल्यास विम्याचा दावा कसा करावा

खानदेशात मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुपार कलताना आभाळ भरून येते, आधी धुळीचे लोट उठतात आणि पावसाचा थेंब पडण्यापूर्वीच वारा पत्र्यांखाली शिरतो. अशा वादळानंतर रावेर, यावल, चोपडा या भागात सर्वांचे लक्ष आडव्या झालेल्या केळीच्या बागांकडे जाते आणि पीकविम्याची चौकशी त्याच संध्याकाळी सुरू होते. घराच्या विम्याची आठवण मात्र फारच थोड्यांना होते. याचे एक कारण असे की, आपल्या घराचा विमा उतरवलेला आहे हेच अनेकांना ठाऊक नसते.

म्हणून पहिले काम पॉलिसी शोधण्याचे. घर बांधण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी बँकेचे अथवा पतसंस्थेचे कर्ज घेतले असेल, तर कर्जाच्या कागदांत किंवा खात्याच्या उताऱ्यात विम्याच्या हप्त्याची नोंद आहे का, ते पाहावे. कर्जासोबत दोन वेगळ्या प्रकारचे विमे असू शकतात. एक कर्जदाराच्या जिवाचा आणि दुसरा इमारतीचा. पत्र्यांच्या नुकसानीला दुसराच उपयोगी पडतो. त्या पॉलिसीवर बँकेचे नाव असेल, तर दाव्याची रक्कम बँकेकडे जाऊ शकते. त्यामुळे शाखा व्यवस्थापकांनाही त्याच दिवशी लेखी कळवावे आणि रक्कम दुरुस्तीसाठी मिळावी, अशी विनंती त्याच पत्रात करावी.

1 एप्रिल 2021 पासून देशातील सर्वसाधारण विमा कंपन्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. आग, वीज, भूकंप, पूर यांच्याबरोबर वादळाने झालेले नुकसान तिच्यात येते. एकाच आवारातील कुंपणाची भिंत, व्हरांडा, पाण्याची पक्की टाकी आणि छतावरचे सोलर पॅनेल हेही इमारतीचा भाग मानले जातात. घरगुती सामानाला इमारतीच्या विमारकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण असते. मात्र भाव वाढेल या आशेने घरात साठवलेला कापूस किंवा दुकानाचा माल घरगुती सामानात सहसा धरला जात नाही. त्याचप्रमाणे गवत, बांबू, लाकडी फळ्या किंवा ताडपत्री यांचे छप्पर वा भिंती असलेले कच्चे बांधकाम या पॉलिसीतून वगळलेले आहे. ज्यांचे घर जुन्या पद्धतीचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे आहे, त्यांनी पॉलिसी घेतानाच छपराचे खरे वर्णन प्रस्तावात लिहावे आणि ते मान्य असल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. वादळानंतर या प्रश्नावर वाद घालणे फार कठीण जाते.

वादळ थांबल्यावर लगेच छपरावर चढू नये. मेन स्विच बंद करावा आणि तुटलेली वीजतार पत्र्यावर किंवा ओल्या भिंतीवर पडलेली दिसली, तर महावितरणला कळवून त्यांचा माणूस येईपर्यंत दूर राहावे. त्यानंतर फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत, आणि या कामाला घाई करू नये. आधी रस्त्यावरून पूर्ण घर, मग चारही बाजू, मग आतून उघडे पडलेले छत, आणि शेवटी बारीक तपशील: वाकलेले अँगल, सरळ झालेले जे-हुक (पत्रा अँगलला बांधणारे वाकडे हुक), हुकाजवळ फाटलेली भोके, शेजाऱ्याच्या वाड्यात किंवा शेतात जाऊन पडलेले पत्रे. पत्रा जिथे पडला, तिथेच त्याचा फोटो घ्यावा, कारण घरापासून त्याचे अंतर हाच वाऱ्याच्या जोराचा पुरावा असतो. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या फोटोत तारीख-वेळेची मूळ माहिती टिकत नाही. म्हणून मूळ फोटो मोबाईलमध्येच ठेवावेत.

येथे एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या घराचे अकरा पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने नवे पत्रे बसवायला घेतले आणि वडिलांनी पिळवटलेले पत्रे दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. चार दिवसांनी सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करायला विमा कंपनीने नेमलेले तज्ज्ञ आले, तेव्हा त्यांच्यासमोर नवे छप्पर होते आणि आमच्या हातात केवळ तीन फोटो होते. अकरापैकी पाच पत्र्यांचाच दावा मान्य झाला. सर्व्हेअरने अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. त्यांना दिसले तेवढेच त्यांनी लिहिले. मोडलेले पत्रे, हुक, तुटलेले कौल, वाकलेला पाईप यांतले काहीही पाहणी होऊन लेखी परवानगी मिळेपर्यंत विकू नये.

पुरावा सांभाळायचा याचा अर्थ घर उघडे ठेवायचे, असा मात्र नाही. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. फोटो घेऊन झाल्यावर ताडपत्री बांधावी, सामान कोरड्या खोलीत हलवावे, लोंबकळणारा पत्रा उतरवून बाजूला ठेवावा आणि ताडपत्री, दोर, मजुरी यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

कंपनीला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कळवावे. टोल-फ्री क्रमांकावर बोलून दावा क्रमांक घ्यावा आणि तोच मजकूर ई-मेलने किंवा पोच घेऊन पत्राने द्यावा. या पत्रात घटनांचा क्रम नीट लिहिणे महत्त्वाचे आहे. केवळ ‘छतातून पाणी गळून सामान भिजले’ असे लिहिल्यास ती जुन्या छपराची गळती समजली जाण्याची शक्यता असते, आणि झीज किंवा देखभालीअभावी झालेले नुकसान विम्यात येत नाही. जे घडले ते घडले त्याच क्रमाने सांगावे: अमुक तारखेला अमुक वाजता वादळ आले, वाऱ्याने पश्चिमेकडील सात पत्रे उचलले, त्या उघड्या भागातून पाणी आत आले आणि त्यामुळे धान्याच्या कोठ्या, गाद्या, टीव्ही भिजले. जे आधीच गंजलेले किंवा फुटलेले होते, ते दाव्यात घालू नये. एक खोटी बाब सापडली की उरलेल्या खऱ्या बाबींवरचाही विश्वास उडतो.

वादळानंतर महसूल विभागाकडून पंचनामे होतात. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळातील निकषांनुसार अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये मदत ठरलेली होती. विम्याचा दावा त्याहून वेगळा आहे. तलाठी येऊन गेले म्हणजे कंपनीला कळले, असा समज करून घेऊ नये. तरीही पंचनाम्याची प्रत अवश्य मागून घ्यावी, कारण त्या दिवशी त्या गावात वादळ झाले, हे ती प्रत सिद्ध करते. स्थानिक वृत्तपत्रातील बातमीचे कात्रण आणि महसूल मंडळातील हवामान केंद्राची त्या दिवशीची नोंद मिळाल्यास तीही जोडावी. मालकीसाठी गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि शहरात मालमत्ता पत्रक तयार ठेवावे.

दुरुस्तीचा अंदाज मिस्त्रीकडून तोंडी घेऊ नये. पत्र्यांची संख्या, लांबी, जाडी, अँगल किंवा पाईप, हुक, मजुरी आणि वाहतूक यांचे दर वेगवेगळे लिहिलेले, सही असलेले दोन अंदाजपत्रक घ्यावेत. जुने पत्रे साधे असताना रंगीत, जाड पत्र्यांचा दर लावल्यास फरकाची रक्कम वजा होते. मलबा हलवण्याचा खर्च भारत गृह रक्षा पॉलिसीत दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो; तो मागायचे बहुतेक जण विसरतात.

सर्व्हेअर येतील, तेव्हा घरातील जाणत्या माणसाने हजर राहावे. पत्र्यांवर दगड ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याबद्दल विचारल्यास लपवू नये, पण पत्रे हुकांनी बांधलेले होते, हे हुक आणि भोके दाखवून स्पष्ट करावे. विमा नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमणे, त्यांनी 15 दिवसांत अहवाल देणे आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवणे अपेक्षित आहे. हे दिवस वहीत लिहून ठेवावेत आणि उशीर झाल्यास त्याच परिपत्रकाचा उल्लेख करून ई-मेल करावा.

मंजूर रक्कम कमी वाटली, तर सही करण्यापूर्वी बाबनिहाय हिशेब आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागावी. जुन्या प्रकारच्या पॉलिसीत अपुऱ्या विम्याची कपात असते: घर पुन्हा बांधायला 10 लाख लागत असताना विमा 5 लाखांचाच असेल, तर 40,000 रुपयांच्या नुकसानीचे 20,000 रुपयेच मिळतात. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात लागू होत नाही. म्हणून आपली पॉलिसी कोणती, हे पहिल्या पानावर पाहूनच वाद घालावा.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तिची नोंद करता येते. एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या क्षेत्रात येतात. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मात्र प्रकरण आयोगात किंवा न्यायालयात दाखल झाले की त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत, त्यामुळे पत्र्यांसारख्या दाव्यासाठी लोकपालाकडेच आधी जावे.