ऑपरेशनआधी दात कसे सांभाळावेत: पूर्ण भूल घेणाऱ्यांसाठी

पूर्ण भूल दिल्यावर बहुतेक वेळा घशातून श्वासाची नळी घालतात. त्यासाठी भूलतज्ज्ञ लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायच्या उपकरणाचं) पातं तोंडात घालून जीभ बाजूला सारतात. त्याचा दाब वरच्या पटाशीच्या दातांवर आला, की हलता, किडलेला किंवा कॅप बसवलेला दात तुटू शकतो. शुद्धीवर येताना पेशंटने नळी करकचून चावली तरी तेच होऊ शकतं.

ऑपरेशनची तारीख ठरली की आरशासमोर चांगल्या उजेडात एकेक दात दोन बोटांत धरून हलवून बघा. मग तोंड पूर्ण उघडून आपली मधली तीन बोटं एकावर एक ठेवून वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे उभी घाला. ती जात नसतील तर नळी घालणं अवघड जातं. गुटखा-मावा खाणाऱ्यांचं तोंड असंच हळूहळू आवळत जातं. वर्षानुवर्षं मिसरी लावणाऱ्या आज्जींच्या हिरड्या झिजून दात सैल झालेले असतात, पण दुखत नाहीत म्हणून त्या सांगतच नाहीत. घरच्यांनी विचारून घ्यावं.

ऑपरेशन तातडीचं नसेल तर दोन-तीन आठवडे आधी दंतवैद्याला दाखवा. फार हलणारा दात काढलेलाच बरा; तो निसटून श्वासनलिकेत गेला तर दुर्बिणीने काढावा लागतो. चंदगड-गडहिंग्लजहून कोल्हापूरला येणाऱ्यांनी हे गावाकडेच उरकावं, ॲडमिट झाल्यावर सवड मिळत नाही.

भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा कॅप, ब्रिज, इम्प्लांट, रूट कॅनाल, हलते दात, सगळं बोट ठेवून दाखवा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. माहीत असेल तर ते पातं दुसऱ्या बाजूने घालतात, दातांवर गार्ड बसवतात किंवा कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप वापरतात. धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांचा कुठला दात हलतोय ते आईवडिलांनी सांगावं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ब्रश करा, चूळ थुंका, मिसरी लावू नका. कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवा. एकाच दाताची छोटी काढघाल प्लेट हमखास विसरली जाते, तीही काढा.

शुद्ध आल्यावर दातांवरून जीभ फिरवा. काही तुटलंय वाटलं तर डिस्चार्जची वाट न बघता सिस्टरना सांगा. तुकडा सापडत नसेल तर छातीचा एक्स-रे काढावा लागतो. कायमचा दात अख्खा निघाला तर मूळ न घासता, वरच्या भागाला धरून थंड दुधात ठेवायचा आणि दंतवैद्याला लगेच बोलवायचं. अर्ध्या तासात परत बसवला तर तो जगण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.