या चुका टाळा: अमेरिकी क्रांतियुद्धातल्या सैनिकांचे वारस जुन्या अर्जांतून शोधताना

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, म्हणजे १७७५ ते १७८३ या काळात लढलेल्या शिपायांचे वारस शोधायचे असतील तर सरकारदरबारी केलेल्या अर्जांचं दप्तर हे फार मोलाचं साधन आहे. पगार थकला, कबूल केलेली जमीन हातात पडली नाही, नवरा वारला, बाप वारला, पेन्शन नाकारलं, की कोणीतरी अर्ज करायचं आणि त्या निमित्ताने घरच्या माणसांची नावं कागदावर यायची. इतिहासाचे विद्यार्थी या दप्तराकडे वळतातच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तिकडच्या सुनेच्या किंवा जावयाच्या पूर्वजांची चौकशी निघते.

अडकायच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. माझ्या मते बहुतेक घोटाळ्यांचं मूळ एकच: अर्ज वंशावळीसारखा वाचला जातो. अर्ज लिहिला गेला तो एका ठरावीक कायद्याखाली पैसे किंवा जमीन मिळावी म्हणून. कायद्याने जेवढं विचारलं तेवढंच अर्जदाराने सांगितलं.

कायदा बाजूला ठेवून कागद वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अर्जावरची तारीख बघा आणि त्या दिवशी कोणता कायदा लागू होता ते आधी शोधा.

१८ मार्च १८१८ च्या कायद्याने ‘कॉन्टिनेन्टल’ म्हणजे केंद्रीय फौजेत निदान नऊ महिने चाकरी केलेल्या आणि हलाखीत असलेल्या सैनिकांना पेन्शन दिलं. अर्ज इतके आले की १ मे १८२० ला दुसरा कायदा करून प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागवली गेली. या याद्या वाचण्यासारख्या असतात. गाय किती, डुकरं किती, खुर्च्या किती, कोणाचं किती देणं आहे, आणि शेवटी घरात राहणारी माणसं, त्यांची वयं, कोण काम करू शकतं, कोण आजारी आहे. नवखा संशोधक इथेच घसरतो. यादीत दोन मुली आणि एक नातू दिसला की सैनिकाला दोनच अपत्यं होती असं लिहून मोकळा होतो. ती यादी त्या वेळी त्याच्या छपराखाली राहणाऱ्यांची आहे. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि पश्चिमेकडे जमीन धरायला गेलेले मुलगे तिच्यात येण्याचं कारणच नव्हतं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहीण वारस नव्हती असं आपण म्हणत नाही. तोच न्याय इथे लावा.

७ जून १८३२ चा कायदा सढळ होता. सहा महिन्यांची चाकरी पुरे, दोन वर्षं असतील तर पूर्ण रक्कम, गरिबीची अट नाही, आणि राज्यांच्या मिलिशियातले, म्हणजे स्थानिक नागरी फौजेतले लोकही पात्र. म्हणून १८१८ मध्ये ज्याचा पत्ता नाही असा माणूस १८३२-३३ मध्ये अचानक उगवतो. आधी तो कुठे होता, हा प्रश्न फारसा गूढ नसतो. एक तर तो मिलिशियात होता, नाही तर खाऊनपिऊन सुखी होता.

विधवांच्या बाबतीत लग्नाची तारीख निर्णायक. ४ जुलै १८३६ च्या कायद्यात सैनिकाची चाकरी संपण्याआधी लग्न झालेलं हवं होतं. १८३८ मध्ये ती मर्यादा १ जानेवारी १७९४ च्या आधीच्या लग्नांपर्यंत आली, १८४८ मध्ये २ जानेवारी १८०० पर्यंत, आणि १८५३ मध्ये १८०० नंतर लग्न झालेल्या विधवांनाही दार उघडलं. आता विचार करा: ऐंशी वर्षांची बाई, लग्नाला पन्नास वर्षं झालेली, गावच्या नोंदी जळलेल्या किंवा मुळात नसलेल्या, आणि एका वर्षाच्या फरकाने पेन्शन हुकणार. अशा वेळी साक्षीदारांना तारीख कोणत्या बाजूची आठवेल? सगळे खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. पण कायद्याच्या सीमेला अगदी चिकटून बसलेली लग्नाची तारीख दिसली तर चर्चचं रजिस्टर, काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) विवाहाचा जामीनकागद आणि थोरल्या मुलाचं वय यांच्याशी ती ताडून बघितल्याशिवाय वंशावळीत चढवू नका. विधवांनी पुरावा म्हणून घरच्या बायबलातलं जन्म-लग्नांचं पान फाडून जोडलेलं पुष्कळदा सापडतं. त्यातही सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या असण्याचा संभव आहे. बायबल छापल्याचं वर्ष पहिल्या नोंदीच्या नंतरचं असेल तर प्रश्नच मिटला.

थकबाकीच्या अर्जांत आणखी एक फसगत होते. पेन्शनची रक्कम बाकी असताना सैनिक वारला आणि मागे विधवाही नसेल, तर ती रक्कम हयात मुलांना मिळायची. नातवंडांचा हक्क सहसा धरला जात नसे. त्यामुळे बापाआधी वारलेल्या मुलाचं नाव त्या यादीत येत नाही, आणि त्याची अख्खी शाखा गळते. काउंटी कोर्टाने ‘हेच एवढे वारस’ असा दाखला दिलेला असला तरी तो त्या रकमेपुरता समजावा.

एकाच नावाने शोधणं

डेबोरा सॅम्प्सनचं प्रकरण यासाठी शाळेत शिकवावं. ही बाई १७८२ मध्ये पुरुषवेषात, रॉबर्ट शर्टलिफ या नावाने मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीत भरती झाली आणि ऑक्टोबर १७८३ मध्ये सन्मानाने फौजेतून सुटली. १७८५ मध्ये तिने बेंजामिन गॅनेटशी लग्न केलं. म्हणजे एकाच सैनिकाची तीन आडनावं झाली. शर्टलिफचं स्पेलिंग कागदोपत्री निरनिराळं येतं, ते वेगळंच.

तिच्या अर्जांचा माग बघा. १७९२ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे थकलेल्या पगारासाठी अर्ज केला आणि ३४ पौंड मंजूर झाले. हा कागद राज्याच्या दप्तरात. १७९७ मध्ये केंद्राकडे, म्हणजे काँग्रेसकडे (अमेरिकेच्या संसदेकडे) अर्ज. त्या वेळी काही हाती लागलं नाही. १८०५ मध्ये जखमी सैनिक म्हणून पेन्शन, पुढे १८१८ च्या कायद्याखाली नवं पेन्शन. १८२७ मध्ये ती वारली. मग नवऱ्याने अर्ज केला, सैनिकाच्या विधवेला मिळतं तसं आपल्याला मिळावं म्हणून! कायद्यात सैनिकाच्या विधुराची सोय नव्हती, आणि लग्न चाकरीनंतरचं असल्यामुळे १८३६ ची अटही बसत नव्हती. काँग्रेसची समिती अनुकूल होती, पण निर्णय होईपर्यंत बेंजामिनही जानेवारी १८३७ मध्ये गेला. शेवटी ७ जुलै १८३८ ला काँग्रेसने खास कायदा करून वारसांना ४६६ डॉलर ६६ सेंट दिले: वर्षाला ८० डॉलर या दराने, ४ मार्च १८३१ पासून बेंजामिनच्या मृत्यूपर्यंत. त्या कायद्यात वारसांची नावं आहेत: अर्ल गॅनेट, मेरी गिल्बर्ट आणि पेशन्स गे.

तीन वारस, तीन आडनावं, आणि त्यातलं एकही सैनिकी हजेरीपटावरचं नाही. नुसतं ‘सॅम्प्सन’ किंवा ‘शर्टलिफ’ शोधणाऱ्याच्या हाताला मुलींची नावं लागणार नाहीत.

साध्या प्रकरणांतही हेच होतं. लग्न झालेल्या मुलीचा हक्क तिचा नवरा मागायचा, त्यामुळे सूचीत जावयाचं नाव लागतं. कधी मृत्युपत्राचा व्यवस्थापक, कधी मुखत्यार. पाच भावंडांनी मिळून केलेला अर्ज पहिल्या सहीच्या नावाखाली नोंदला जातो आणि बाकीचे ‘व इतर’ मध्ये बुडतात. म्हणून शोध सुरू करण्याआधी सैनिकाच्या जावयांची, सुनांच्या माहेरची आणि अज्ञान मुलांसाठी नेमलेल्या कायदेशीर पालकांची नावं कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक नाव सूचीत बघा.

उलट चूकही तितकीच घातक. नाव जुळलं की माणूस जुळला असं धरून चालणं. त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला सीनियर आणि धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग ते चुलता-पुतणे असोत की एकमेकांचे कोणीही नसोत. पलटण, कॅप्टनचं नाव आणि अर्जाच्या वेळची काउंटी, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय फाईल आपल्या माणसाची म्हणू नका.

पेन्शनची फाईल मिळाली की थांबणं

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पेन्शन आणि जमिनीच्या दाव्यांच्या सुमारे ८०,००० फाइली एम ८०४ या मालिकेत मायक्रोफिल्मवर आहेत आणि आता ऑनलाइनही मिळतात. फायलीच्या क्रमांकाआधी ‘एस’ असेल तर अर्ज सैनिकाचा, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेचा, ‘आर’ असेल तर फेटाळलेला. एम ८०५ ही दुसरी मालिका निवडक कागदांची. तीच पूर्ण फाईल समजून लोक ती मिटतात आणि वारसांचा पत्रव्यवहार मागे राहून जातो. आपण कोणती मालिका बघतोय ते आधी तपासा.

पण खरी मेख पुढे आहे. पेन्शन कार्यालयाने नाही म्हटलं की लोक काँग्रेसकडे जायचे, आणि ते कागद पेन्शनच्या फायलीत असतीलच असं नाही. काँग्रेसची सभागृहं दोन: प्रतिनिधीगृहाचं दप्तर वेगळं, सिनेटचं वेगळं. १७८९ पासून १८५१ पर्यंत प्रतिनिधीगृहापुढे आलेल्या खासगी दाव्यांची वर्णानुक्रमे सूची सरकारने १८५३ मध्ये तीन खंडांत छापली. माझ्या हिशेबी या कामात हिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. एका ओळीत दावेदाराचं नाव, मागणी काय, कितवी काँग्रेस, कितवं अधिवेशन, कोणत्या समितीकडे गेलं, अहवाल अनुकूल की प्रतिकूल, विधेयकाचा क्रमांक आणि शेवट काय झाला, एवढं सगळं.

त्या ओळीचा माग काढून दप्तर मागवलं आणि पाकीट रिकामं निघालं, तर निराश होऊ नका. दावा फेटाळला गेला की अर्जदार बहुधा आपले कागद परत घेण्याची परवानगी मागायचा आणि पुढच्या काँग्रेसमध्ये तेच पुरावे, एखादी नवी साक्ष जोडून, पुन्हा दाखल करायचा. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस, नवा क्रमांक. सैनिकाने सुरू केलेला दावा मुलाने आणि मग नातवाने चालवलाय असंही दिसतं. त्यामुळे सूचीत त्या घराण्याच्या जितक्या ओळी असतील त्या काळाच्या क्रमाने मांडा आणि शेवटच्या ओळीचं दप्तर आधी मागवा. कागद तिथे साठलेले असण्याची शक्यता जास्त. तिथेही नसतील तर पेन्शनची फाईल पुन्हा उघडा. काही वेळा समितीने सगळं बाड पेन्शन कार्यालयाकडे पाठवलेलं असतं.

व्हर्जिनियाच्या अधिकाऱ्यांचं आणखी निराळं. त्या राज्याने आपल्या पलटणीतल्या अधिकाऱ्यांना आयुष्यभर अर्धा पगार कबूल केला होता आणि ते देणं ५ जुलै १८३२ च्या कायद्याने केंद्राने पत्करलं. हे दावे स्वतंत्र मालिकेत आहेत. शिवाय व्हर्जिनिया विधिमंडळाकडे आलेले १७७६ पासूनचे हजारो अर्ज राज्याच्या ग्रंथालयात आहेत.

फेटाळलेला अर्ज बाजूला टाकणं

मंजूर अर्जात गरजेपुरतं असतं. नाकारलेला माणूस मात्र भांडतो, आणखी साक्षी आणतो, जास्त सांगतो. ऱ्होड आयलंडचा जेहू ग्रँट हा गुलाम १७७७ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या मालकाकडून पळाला आणि सुमारे दहा महिने फौजेत राहिला. मालकाने शोधून काढून त्याला परत नेलं. १८३२ च्या कायद्याखाली त्याने अर्ज केला, तर चाकरीच्या वेळी तो पळालेला गुलाम होता या कारणाने पेन्शन नाकारलं. १८३६ मध्ये त्याने पुन्हा लिहिलं, आणि त्या पत्रात त्याची सगळी हकिगत आहे. पहिलाच अर्ज मंजूर झाला असता तर हे पत्र त्याने लिहिलंच नसतं.

किरकोळ वाटणाऱ्या, पण वेळ खाणाऱ्या चुका

जमिनीचा हक्क ओहायोत दिसला म्हणून कुटुंब ओहायोत हलवू नका. वारसांनी हक्काचा कागद दलालाला विकलेला असायचा आणि जमीन विकत घेणाऱ्याच्या नावावर व्हायची. विक्रीच्या कागदावर मात्र सगळ्या वारसांच्या सह्या मिळू शकतात, तेव्हा तो जरूर मागवा.

१८०० आधीचा अर्ज सापडत नाही? ८ नोव्हेंबर १८०० ला युद्ध खात्याच्या कचेरीला आग लागली. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं तेव्हा प्रतिनिधीगृहाचेही पुष्कळ कागद गेले. अशा वेळी सभागृहाची छापील कामकाजनोंद बघा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ती आहे. अर्ज जळला तरी तो कोणी आणि कोणत्या तारखेला सादर केला, ही ओळ तिथे मिळू शकते. १७८९ पूर्वीचे अर्ज कॉन्टिनेन्टल काँग्रेसच्या, म्हणजे आजच्या काँग्रेसच्या आधीच्या केंद्रीय सभेच्या कागदपत्रांत, एम २४७ या मायक्रोफिल्म मालिकेत.

आणि शोध १८५० ला थांबवू नका. डॅनियल बेकमन या सैनिकाला १८६७ मध्ये खास कायद्याने पेन्शन मिळालं. तो १८६९ मध्ये वारला. एस्थर डेमन ही विधवा १९०६ पर्यंत पेन्शन घेत होती. फीबी पामिटर या सैनिकाच्या मुलीला विसाव्या शतकात खास कायद्याने पेन्शन मिळालं आणि ती १९११ मध्ये गेली.

काँग्रेसकडे केलेल्या अर्जांसाठी अभिलेखागाराला पत्र लिहिताना ‘अमुक सैनिकाचे सगळे कागद पाठवा’ असं लिहू नका. काँग्रेसचं दप्तर व्यक्तीच्या नावाने लावलेलं नाही. ते काँग्रेसच्या क्रमांकाने आणि समितीने लावलेलं आहे. अर्जदाराचं नाव सूचीत छापलंय त्याच स्पेलिंगने द्या, सोबत काँग्रेस, अधिवेशन, समिती आणि कामकाजनोंदीतली तारीख द्या, आणि दप्तर प्रतिनिधीगृहाचं हवं की सिनेटचं तेही लिहा.