हंगामाच्या अखेरीस फेझंटच्या शिकारीला जाताना या चुका टाळा

अमेरिकेतील आयोवा राज्यामध्ये फेझंटच्या, म्हणजे कोंबड्याच्या कुळातील लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होतो आणि 10 जानेवारीला संपतो. नाताळच्या सुट्टीत मुले, मेहुणे आणि पाहुणे असा सगळा गोतावळा एकत्र जमत असल्यामुळे अनेक कुटुंबे नेमकी शेवटच्या पंधरवड्यात बाहेर पडतात, पहिल्या आठवड्यातील युक्त्या जशाच्या तशा वापरतात आणि रिकाम्या हाताने परततात. शिकार फक्त नराचीच करता येते आणि डिसेंबरअखेर जिवंत राहिलेला नर दोन महिने माणसे, कुत्री आणि बंदुका यांना चुकवत आलेला असतो. नवशिके मात्र अपयशाचा दोष बंदुकीला देऊन नवी बंदूक शोधू लागतात. प्रत्यक्षात पहिले काडतूस भरण्याआधीच पक्षी निसटलेला असतो.

त्याला सावध करतो तो गाडीच्या दाराचा आवाज. फेझंटचा भरवसा पंखांपेक्षा पायांवर अधिक असतो; धोका जाणवला की तो गवतातून पळत सुटतो आणि अगदीच नाइलाज झाला तर उडतो. मक्याची कापणी झाल्यावर आडोसा फक्त पाणकणसाच्या दलदलींत, उंच गवताच्या पट्ट्यांत आणि देवदारांच्या रांगांत उरतो, त्यामुळे पक्षी तिथे दाटीने जमतात आणि एक बिथरला की बाकीचेही बिथरतात. माझ्या पत्नीचे माहेर शेतकऱ्यांचे आहे. तिच्या भावाचा शहरातला एक मित्र एका हिवाळ्यात आमच्याबरोबर सार्वजनिक रानात आला. त्याने गाडी थेट दलदलीच्या काठाला लावली, दार धाडकन आपटले आणि कुत्र्याला शीळ घालत आदल्या रात्रीच्या फुटबॉल सामन्याची चर्चा सुरू केली. पलीकडच्या टोकाने एकामागून एक पक्षी उठले आणि कुंपणापलीकडील खाजगी शेतात जाऊन उतरले. आयोवात सकाळी 8 पूर्वी बार काढता येत नाही आणि आठ वाजायला अजून अवकाश होता, त्यामुळे पाहत राहण्याशिवाय कोणालाही काही करता आले नाही. हे गृहस्थ त्यावर कुंपण ओलांडायला निघाले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना दंडाला धरून थांबवले. आपण टिपलेला पक्षी परक्याच्या शेतात पडला, तर बंदूक मागे ठेवून तो आणायला जाण्याची मुभा कायदा देतो. धडधाकट पक्ष्यांचा पाठलाग करण्याची मुभा तो देत नाही.

मी गाडी दूर रस्त्यावर उभी करतो, दार दाबून लावतो आणि घरच्यांशी हातांच्या खुणांनीच बोलतो. सार्वजनिक जागेत बहुतेक लोक वाहनतळापासून सुरुवात करत असल्यामुळे पक्ष्यांना ती वाट पाठ असते. म्हणून मी वळसा घालून, वारा तोंडावर घेत, उलट बाजूने शिरतो. त्यात जास्तीची पायपीट होते आणि ती टाळण्याचा आडमार्ग मला आजवर सापडलेला नाही. दुपारी तीननंतरचा वेळ मला सर्वांत आवडतो, कारण तेव्हा पक्षी खाऊन गवताकडे परतू लागतात. मात्र साडेचारला बंदुका रिकाम्या कराव्या लागतात.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. कुटुंब मोठे असले की हाका करण्याचा मोह होतो: निम्मे लोक गवतातून चालतात आणि निम्मे पलीकडच्या नाक्यावर उभे राहतात. पद्धत चांगली आहे, परंतु दोन्ही रांगा जवळ येऊ लागल्यावर खालून उडालेल्या पक्ष्यावर बार काढणारा माणूस आपल्याच माणसांवर नेम धरत असतो. पक्ष्याच्या खाली मोकळे आकाश दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो एकदा मोडणाऱ्याला दिवसभर बंदूक मिळत नाही. कायद्याला अर्धीअधिक भडक नारिंगी असलेली एखादी टोपीही पुरते. आमच्याकडे टोपी आणि बंडी दोन्ही लागतात, आणि लहान मुले नाक्यावर कधीच उभी राहत नाहीत.

भारतातून आलेल्या भावाच्या किंवा मित्राच्या हाती हौसेने बंदूक देणे ही आपल्या मराठी घरांतील खास चूक आहे. पर्यटक व्हिसावर किंवा एच-वन-बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक हाताळण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे, आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक मुख्य अपवाद आहे. पाहुण्यांना न्यायचे असेल तर परवान्याचे काम आधी उरकावे, अन्यथा त्यांच्या हाती कॅमेरा द्यावा.

खाजगी शेतात दोघांसाठी परवानगी घेऊन सहा जण नेऊ नयेत. शेतकऱ्याला किती माणसे, किती गाड्या आणि कोणता दिवस हे आधी स्पष्ट सांगावे, फाटक जसे होते तसेच ठेवावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. आयोवा हॅबिटॅट अँड अ‍ॅक्सेस प्रोग्रॅमच्या पाट्या असलेल्या खाजगी जमिनींवर वेगळी परवानगी लागत नाही, पण तिथे पायीच जावे लागते.

भुसभुशीत हिमाने झाकलेल्या दलदलीवर बेधडक चालू नये, कारण हिमाच्या थराखाली पाणी नीट गोठत नाही आणि मस्करॅट या पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याच्या घरट्यांभोवती बर्फ हमखास ठिसूळ असतो. संघराज्याच्या पाणपक्षी संवर्धन क्षेत्रांत आणि राज्याच्या अनेक जागांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादी घेताना ते शिशापेक्षा दोन आकार मोठे घ्यावेत. याच काळात सापळ्यांचा हंगामही चालू असतो, म्हणून कुत्रा बरोबर असेल तर सापळ्याच्या फासाची तार तोडण्याची मजबूत पक्कड खिशात हवी. पक्षी साफ करण्याची घाई करणाऱ्यांनी घरी पोहोचेपर्यंत त्याचा पाय, पंख किंवा डोके अंगाला राहू द्यावे, कारण मादी मारण्यास बंदी असल्यामुळे नर ओळखता आला पाहिजे.

पायामागचे आर, म्हणजे काट्यासारखी नखे, लांब आणि टोकदार असतील, तर तो नर जुना आहे असे समजावे. त्याच्या तंगड्या ब्रॉयलरच्या वेळेत शिजत नाहीत; त्यांतील कडक शिरा ओढून काढाव्यात, मंद आचेवर रश्शात दीड-दोन तास ठेवाव्यात, आणि वाढण्यापूर्वी बोटांनी चाचपून छर्रे काढावेत, कारण पोलादी छर्रा दाताखाली आला तर दात तुटू शकतो.